दुसरी पाटी

दिवाळी झाली की वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात, कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात, आणि मागं उरतात म्हातारी, शाळेतली लेकरं आणि कुत्री. वैष्णवीचे आई-वडील अजूनही जातात. ती स्वतः दहावीपर्यंत उसाच्या फडात वाढ्याचे, हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधत शिकली, मग बीडच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन झाली. सगळ्या वर्गात पोरगी म्हणून एकटीच. आता ती विजेच्या उपकेंद्रावर ऑपरेटर आहे. कंत्राटावर का होईना, पण पंख्याखाली बसून करायची नोकरी. वाडीतल्या बाया तिच्याकडं बोट दाखवून आपल्या पोरींना सांगतात, बघ, तिच्यासारखं शिक.

मग अशा बाईला वाईट कशाचं वाटावं?

हे वैष्णवी स्वतःलाच रोज विचारत होती.

उपकेंद्र गेवराईहून चकलांब्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, शेतांच्या मध्ये. तारेचं कुंपण, कुंपणात दिवसरात्र गुणगुणणारे दोन मोठे ट्रान्सफॉर्मर, आणि एक खोली. खोलीत भिंतीला लागून लोखंडी पॅनल उभे. एकेक पॅनल म्हणजे एकेक फीडर, एकेका भागाकडं निघालेली लाईन. कुठली चालू ठेवायची, कुठली बंद करायची, ते ऑपरेटरच्या हातात. तासातासाला काट्यांवरचे आकडे उतरवायचे, लाईन ट्रिप झाली, आपोआप बंद पडली, की वायरमनला कळवायचं, आणि लाईट गेली म्हणून चिडलेल्या लोकांचे फोन घ्यायचे. पाळीला माणूस एकच.

आधी हा एकटेपणा तिला गोड वाटायचा. घरी सासू, लेक, चूल, भांडी. इथं तेवढा वेळ ती स्वतःची असायची. गाणी म्हणायची, लसूण सोलायची, सुरजला फोन लावायची. सुरज, तिचा नवरा, साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. हंगामभर तिकडंच.

पावसाळा सरता सरता कधीतरी काहीतरी सुटलं. काय सुटलं ते कळलं नाही, पण एका सकाळी उठताना अंग असं जड झालं, की जणू कुणी ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवलंय. जेवणाला चव राहिली नाही. रडूही येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. आकडे उतरवताना मधल्या ओळी राहून जाऊ लागल्या. तीच गोष्ट दोनदा वाचूनही डोक्यात शिरेना.

कधी कधी एखादी लाईन विनाकारण ट्रिप होते. वायरमन खांब न् खांब फिरून येतो. तार तुटलेली नसते, फांदी टेकलेली नसते. येऊन सांगतो, ताई, फॉल्ट घावला न्हाई. वैष्णवी तशीच स्वतःच्या संसारावरून फिरून यायची. नवरा चांगला. लेक गोड. सासू तोंडाळ, पण मायेची. फॉल्ट कुठंच घावत नव्हता, आणि लाईन मात्र टिकत नव्हती.

लेकीची, संस्कृतीची, वेणी घालताना तिचे हात मध्येच थांबत. पोरगी आरशात बघत हळूच विचारायची, "मम्मी, झोपलीस का?"

"न्हाई गं."

"मग हात कावून झोपले?"

वैष्णवी तिच्या डोक्याचा मुका घ्यायची आणि पुन्हा तीन पेड हातात धरायची. कुठला पेड कुणावर टाकायचा, यालाही क्षणभर विचार लागायचा.

सासूबाईंनी, म्हणजे दगडाबाईंनी, मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. "बघ, ठसका आला न्हाई. लई मोठी नजर हाय."

"मला कुणाची नजर लागंल, आत्याबाई?"

"समद्या वाडीत पंख्याखाली बसून पगार घेणारी तू एकलीच. तुला न्हाई लागायची तं मला लागंल का, शेणाच्या पाटीला?"

वैष्णवी हसली. हसायला काय करावं लागतं, ते चेहऱ्याला अजून पाठ होतं.

सुरज फोनवर विचारायचा, "आवाज असा कावून?" ती म्हणायची, झोप झाली नाही. तो म्हणायचा, "मला तरी कुठं झोप मिळायली? काल फडात ट्रॉली रुतली, सकाळपस्तोर काढीत होतो." मग त्याच्या ट्रॉलीचं बोलणं व्हायचं, आणि तिचं राहून जायचं. राहून गेलं याचं तिला हायसंही वाटायचं. सांगायचं म्हटलं तरी काय सांगणार होती? आणि ऑपरेटरचं डोकं ठिकाणावर नाही असं एकदा बाहेर पडलं, की ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरं माणूस आणून बसवणार. वाडीनं बोट दाखवलेली पोरगी परत वाडीतच.

उपकेंद्रात एक रीत होती. ती हरिबानं पाडलेली. हरिबा म्हणजे तिथला सगळ्यात जुना वायरमन, निवृत्तीला आलेला, खोकत खोकत खांबावर चढणारा. वायरमनला लाईनवर काम करायचं असलं की तो ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर लाईन बंद करते, वहीत नोंद करते आणि पॅनलच्या मुठीला एक पाटी अडकवते, 'माणसं कामावर आहेत'. एका माणसाला एक पाटी. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच सांगायचं, तेव्हाच लाईन सोडायची. पण रानात परमिट फोनवरच चालतं, आणि फोनवर कोण काय बोलेल याचा नेम नाही. मागं कधीतरी कुठल्याशा भागात पाण्याची घाई झालेल्या एका शहाण्यानं वायरमनचा आवाज काढून 'सोडा लाईन' म्हटलं होतं म्हणे. तेव्हापासून हरिबाचा नियम: परमिट देताना ऑपरेटरनं एक शब्द द्यायचा. कुठला का असेना. लिहायचा नाही, तिसऱ्याला सांगायचा नाही. खाली उतरल्यावर वायरमन तोच शब्द म्हणणार, शब्द जुळला तर लाईन सुटणार.

वैष्णवीला या खेळाची पहिल्यापासून हौस. ती असे शब्द द्यायची की खांबावर चढता चढता वायरमनला हसू यावं. गुळवणी. करवली. मुंडावळ्या. हरिबा म्हणायचा, "पोरी, तू 'बासुंदी' म्हनलीस आन् मला वर तारंवर भूक लागली की गं. साखरंचा पेशंट हाय मी, जरा दया कर."

आता मात्र शब्द सुचत नव्हते. डोळ्यापुढं येईल ते ती देऊन टाकायची. टेबल. खिडकी. पेन.

"दुकान मोडलं का काय तुपलं?" हरिबानं एकदा विचारलं होतं. "पहिले काय माल असायचा!"

"माल संपला, काका," ती म्हणाली. हरिबा हसला. तिनं खरं सांगितलं होतं, पण ते कुणाला कळायचं?

गहू ओंबीवर आला होता तेव्हाची गोष्ट. कांद्याला पाणी हवं, उसाला पाणी हवं, आणि शेतीच्या फीडरवर दिवसा मिळणारी लाईट म्हणजे सोनं. नेमका त्या सकाळी ओढ्याजवळ खांबावरचा तारेचा जोड जळाला.

हरिबाचा फोन आला. "पोरी, शेतीची लाईन बंद कर. जोड बांधून घेतो."

तिनं ब्रेकर पाडला, वहीत नोंद केली, पाटी अडकवली. कोपऱ्यात गळक्या नळाखाली बादली होती.

"बादली," ती म्हणाली.

"बादली! वा रं वा. बरं, बादली तं बादली."

थोड्या वेळानं परमेश्वरचा फोन. परमेश्वर तरणा वायरमन, हरिबाच्या हाताखाली शिकलेला, वाडीपलीकडच्या वस्तीवर राहणारा. "ताई, लाईन बंदच हाय तं मीबी एक काम उरकून घेतो. शेवटच्या डीपीच्या वरल्या खांबावर बाभळीची फांदी टेकलीय. शब्द द्या."

वैष्णवीनं समोर बघितलं. भिंतीत एक खिळा होता, जुन्या कॅलेंडरचा.

"खिळा."

"खिळा," तो हसून म्हणाला. "चढलो बगा."

फोन ठेवला. आता उठायचं, खणातली दुसरी पाटी काढायची, मुठीला अडकवायची, वहीत नोंद करायची. एवढंच. उठते, असं ती मनात म्हणाली. कुंपणापलीकडं एक म्हातारी शेळ्या हाकत चालली होती, आणि सगळ्यात मागची शेळी लंगडत होती. म्हातारी थांबायची, शेळी जवळ आली की पुन्हा चालू लागायची. वैष्णवी बघत राहिली. ती शेळी दिसेनाशी झाली तरी ती तिकडंच बघत होती. आणि ते उठणं तिथंच राहिलं.

मध्ये बबनरावांचा फोन येऊन गेला. बबनराव म्हणजे त्या भागातलं बडं प्रस्थ, उसाची मोठी बागायत, आणि बोलण्यात सगळ्या साहेबांची नावं.

"ओ मॅडम, लाईट कव्हा सोडायलात?"

"काम चालू हाय, दादा."

"काम तं रोजच चालू असतंय तुमचं. वर फोन लावू का?"

"लावा की. वर हरिबा काका हायेत, खांबावर. खाली आल्यावर उचलतील."

उत्तर जिभेवर आपोआप आलं. पूर्वीच्या वैष्णवीचं होतं ते. कुठंतरी शिल्लक राहिलेलं.

मग हरिबाचा फोन आला. "झालं गं. उतरलो. बादली. सोड."

तिचा हात मुठीकडं गेला, पाटीला लागला, आणि थांबला. बादली? तिच्या डोक्यात तर खिळा होता. स्पष्ट. तिनं 'खिळा' म्हटलं होतं, तिच्याच आवाजात.

"काका, शब्द काय म्हनालात?"

"बादली."

"बादली न्हाई."

"न्हाई म्हंजी? तूच दिलास की."

"मला खिळा आठवायलाय."

"खिळा कुठला आला मधीच? अगं, माझा आवाज वळखीना का तुला?"

ओळखत होती. आवाज हरिबाचा होता, मधला खोकलासुद्धा त्याचाच. कुणाला विचारलं असतं तरी म्हणालं असतं, सोड बाई लाईन. पण गेल्या कित्येक दिवसांत वैष्णवीचा स्वतःवरचा भरवसा असा काही उडाला होता, की जे डोळ्यांना दिसतंय, कानांना ऐकू येतंय, तेही तिला परक्याकडून उसनं आणल्यासारखं वाटायचं. एक शब्द चुकलाय. म्हणजे आणखीही काही चुकलेलं असेल. काय, ते तिला सांगता येईना. तिनं हात मुठीवरून काढून घेतला.

"काका, मी लाईन सोडत न्हाई. तुमी हितं या."

"येडी का खुळी तू? तिकडून हितपस्तोर यायचं, शब्दापायी? शेतकरी शिव्या घालायलेत—"

"घालू द्या. तुमी या."

तिनं फोन ठेवला. पुन्हा बबनराव, पुन्हा कुणी दुसरं, तिसरं. ती उचलेना. पॅनलपुढं उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शिक्षा झालेल्या पोरीसारखी.

मग फोनवर परमेश्वरचं नाव दिसलं.

"ताई, उतरलो. खिळा. सोडा आता."

तिनं फोन कानाला आणखी घट्ट दाबला.

"ताई? आयकू येतंय का?"

"तुमी... वर होतात?"

"वर न्हाई तं काय? तुमाला सांगूनच चढलो की. फांदी लई चिवट, तारंत घुसूनच बसलो व्हतो."

सगळं परत आलं. भिंतीतला खिळा, शेवटचा डीपी, चढलो बगा. लंगडी शेळी. वैष्णवीनं पॅनलकडं बघितलं. मुठीला एकच पाटी लोंबत होती.

बाहेर हरिबाच्या मोटरसायकलचा फटफट आवाज आला. तिनं खण उघडला, दुसरी पाटी काढली आणि पहिलीच्या शेजारी अडकवली. ठरवून केलं नाही. चुलीवरचं दूध उतू जाताना हात पुढं होतो, तसं झालं. पण झालं.

हरिबा तोंडानं तोफ डागीतच आत आला, "कुठाय तुझा खिळा, दाव मला—" आणि दोन पाट्या बघून जागीच उभा राहिला. "दुसरी कुनाची?"

"परमेश्वर भाऊंची," तिच्या तोंडून निघालं. "शेवटच्या डीपीवर होते."

हरिबा खुर्चीत बसला. घाम पुसला. "आरं देवा. मला काय ठावं, त्यो येडा चढलाय म्हनून! आन् मी तुला 'सोड, सोड' करू लागलतो. तू सोडली असतीस तं..." उठून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तारा ओढून खरखरीत झालेला, जड हात. "वाचीवलंस पोरी. लेकरू वाचीवलंस."

त्या हाताखाली उभं राहून वैष्णवीला वाटलं, आपण खोल विहिरीत आहोत आणि वरून कुणीतरी दुसऱ्याच कुणाला हाका मारतंय.

गोष्ट संध्याकाळच्या आत सगळीकडं झाली. हरिबानं वायरमन लोकांच्या ग्रुपवर टाकली, कुणी अंगठे पाठवले, कुणी हात जोडले. ज्युनियर इंजिनिअर अभिमन्यू साहेबांचा फोन आला, "मॅडम, अभिनंदन. सुरक्षा सप्ताहात तुमचा सत्कार करू. शाल, नारळ. कार्यकारी अभियंता साहेबांनाही बोलावतो." दगडाबाई तर दारोदार जाऊन आल्या. "मपल्या सुनंनं मानूस वाचीवलं," म्हणता म्हणता त्यांचा आवाज भरून आला. सुरज फोनवर म्हणाला, "टोळीत समद्यांना सांगितलं मी."

सगळे तिच्याशी बोलत होते, आणि इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं.

नुसतं खोटं असतं तरी तिनं ते गिळलं असतं. पाटी केवढी, वीतभर. पण तिला पुढचं दिसत होतं. या वेळी दोन शब्दांची सरमिसळ झाली म्हणून हात थांबला. पुढच्या वेळी नेमका बरोबर शब्द आठवेल आणि नेमका माणूस विसरेल. मग?

तिसऱ्या दिवशी दुपारी परमेश्वरची बायको मनिषा उपकेंद्रावर आली. उन्हातून पायी, नवी साडी नेसून. हातात पिशवी. पिशवीतून तिनं हिरवा खण काढला, नारळ काढला, हळदी-कुंकवाची डबी काढली.

"अहो वहिनी, हे काय?"

"गप बसा, ताई. उठा. पदर पसरा." मनिषाचे डोळे आधीच भरले होते. "दोन दीस झोप न्हाई मला. त्ये जरा डोळ्याआड झाले की जीव उडायलाय. माझं कुंकू राखलंत तुमी. ओटी भरल्याबिगर मी जानार न्हाई."

तिनं वैष्णवीला कुंकू लावलं. मग ओंजळीत तांदूळ घेऊन उभी राहिली, वैष्णवीनं पदर पुढं करायची वाट बघत.

वैष्णवीनं पदर पुढं केला नाही. दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला.

"वहिनी, नका भरू. मी विसरले होते."

"काय विसरलात?"

"तुमचे मालक वर हायेत, हेच विसरले होते. पाटी लावली नव्हती. त्यांचा फोन आला तव्हा आठवलं. पाटी मागून अडकवली मी."

मनिषा हसली, चेष्टा समजून. मग हसणं हळूहळू उतरलं. ओंजळ तशीच होती.

"पन लाईन सोडली न्हाई की तुमी."

"शब्दाचा घोळ झाला म्हनून. त्ये आठवून न्हाई."

ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होते. मनिषानं तांदूळ पिशवीत परत ओतले. चार दाणे खाली सांडले, ते तिनं वाकून वेचले. अन्नाला पाय लागू नये म्हणून. वाकलेली असतानाच विचारलं, "कावून विसरलात?"

इतक्या महिन्यांत 'काय झालं' असं सगळ्यांनी विचारलं होतं, आणि प्रत्येकाला पटेल असं काहीतरी वैष्णवीनं सांगितलं होतं. हा प्रश्न वेगळा होता. याला पटण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून खरंच निघालं.

"माझं डोकं चालत न्हाई, वहिनी. लई दिवस झाले. खायची चव न्हाई, लेकराची वेणी घालता येत न्हाई. बसले की बसूनच राहते. त्या दिवशीबी बसूनच राहिले. खिडकीतून बघत."

"माझा नवरा वर व्हता."

"व्हय."

"आन् तू खिडकीतून बघत बसलीस."

'तुमी'चं 'तू' झालं. वैष्णवीनं मान हलवली. मनिषानं खण, नारळ, डबी एकेक करून पिशवीत भरलं आणि निघून गेली. फाटकापर्यंत सरळ चालली, मग रस्त्याला लागल्यावर पदरानं तोंड दाबून जोरात चालायला लागली.

वैष्णवीनं त्याच खुर्चीत बसून अभिमन्यू साहेबांना फोन लावला. "सर, दुसरं माणूस पाठवा. मी पॅनलवर बसत न्हाई."

साहेब स्वतः आले. तरुण माणूस, नांदेडकडचा, नेहमी घाईत. तिनं सगळं सांगितलं, पाटीसकट. त्यांनी हातातली गाडीची चावी टेबलावर ठेवली.

"मग शालीचं राहू द्या," शेवटी म्हणाले. हसवायचा प्रयत्न असावा. मग म्हणाले, "रजा लिहून द्या. ठेकेदाराशी मी बोलतो, पण शब्द देत नाही. बीडला सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, दाखवून या. आणि मॅडम, कुणाला सांगू नका. लोक काहीही बोलतात."

"सांगून झालं, सर."

आणि लोक बोललेच. ग्रुपवर एकदम शांतता झाली. परमेश्वर समोरून आला तर मोटरसायकल वळवून दुसऱ्या वाटेनं गेला. हरिबाचा एकदाच फोन आला, तो नुसता खोकत राहिला, मग म्हणाला, "पोरी, तू म्हनली व्हतीस माल संपला. मला हसू आलतं." आणि ठेवून दिला. सुरजनं फोनवर विचारलं, "मी येऊ का?" "मुकादम सोडंल का?" "न्हाई सोडायचा." दोघांचे फोन तसेच कानाला लागून राहिले.

दगडाबाईंनी त्या दिवशी कुणाच्या दारात पाय ठेवला नाही. चुलीपुढं बसून आदळआपट केली, "आता काय सांगू मी लोकांला? कालपस्तोर डंका पिटला!" पण बीडला जायच्या सकाळी वैष्णवी उठली तर भाकरी थापून झाल्या होत्या, फडक्यात चटणीसकट बांधलेल्या. संस्कृतीला मांडीवर घेऊन म्हातारी वेणी घालत होती, वाकडी, पण घट्ट.

"जा," दगडाबाई वर न बघता म्हणाल्या. "डागदराम्होरं मान खाली घालून बसू नको. इचारंल त्ये सांग. पोरगी माझ्यापशी हाय."

फाट्यावर वैष्णवी एकटीच होती. टपरी बंद. गेवराईकडून ट्रक येत, धुळीचा लोट अंगावर टाकून जात. एसटी येताना दिसली तेव्हा तिला वाटलं, परत जावं. आणि पाठीमागून चपलांचा आवाज आला.

मनिषा होती. साधी साडी, खांद्याला पिशवी.

"कोन हाय संगं?"

"कुनी न्हाई."

"मला वाटलंच." मनिषानं हात करून एसटी थांबवली. "चढ."

"वहिनी, तुमी कावून—"

"तुज्यासाठी न्हाई. गोड वाटून घेऊ नको." ती चढून खिडकीची जागा धरून बसली. "माझ्या मालकाला उद्याबी खांबावर चढायचंय, परवाबी चढायचंय. हितं आज तू हाईस, उद्या दुसरी यील. तिच्या डोक्यात काय चाललंय, त्ये मला कोन सांगणार? तू निदान सांगितलंस. तू बरी झालेली मला माझ्या डोळ्यानं बघायचीय."

बीड येईपर्यंत मनिषा खिडकीतून रानं बघत होती. वैष्णवीनं एकदा भाकरीचं गाठोडं सोडून पुढं केलं. मनिषानं चतकोर तोडून घेतली, चटणी नको म्हणाली.

दवाखान्यात लांब बाकडं, बाकड्यावर माणसं. कुणी पोराला घेऊन आलेलं, कुणी बापाला. एक म्हातारा पुन्हा पुन्हा उठून दार बघून येत होता. वैष्णवीला वाटलं होतं इथं सगळे आपल्याकडं बघतील. कुणी बघितलं नाही. जो तो आपापल्या पायांकडं बघत होता.

शिपायानं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?"

वैष्णवी उत्तर द्यायच्या आत मनिषा म्हणाली, "मी हाय." पण उठली नाही. वैष्णवीकडं बघून म्हणाली, "आत तू एकलीच जा. आन् समदं सांग. माझ्याम्होरं सांगितलंस तसं. येक अक्षर मागं ठेवू नको."

वैष्णवी उठली. पाय जड होते, रोजच्यासारखेच. दार लोटताना तिनं वळून बघितलं. मनिषानं आपली पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली होती, तिथं दुसरं कुणी बसू नये म्हणून. बघत मात्र ती भिंतीकडं होती.